उरलेली मुंबई

बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत त्या मावशी मला एकदाच भेटल्या. गुडघ्यांत जोर नव्हता, म्हणून त्या पायरीवर बसत आणि हातांवर भार देऊन पाठमोऱ्याच वरच्या पायरीवर सरकत. साडी धुळीने माखली होती. मी हात पुढे केला.

"राहू दे रे," त्या म्हणाल्या. "लग्न करून विक्रोळीत आले, तेव्हापासून घर नि कंपनी, एवढीच मुंबई बघितली. आता उरलेली बघतेय."

"पण मावशी, गुडघे?"

"घरी बसले तरी दुखतातच ना."

वरच्या लेण्यात पोहोचल्यावर त्या गार खांबाला टेकून बराच वेळ बुद्धमूर्तीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "घारापुरीला पायऱ्या जास्त आहेत का रे?"

"खूपच जास्त."

"मग सकाळची पहिली बोट पकडायला हवी."