इनबॉक्स भरला आहे, पोच द्यावी

हसणार नाही असं वचन देऊ नका, तुम्हाला ते पाळता यायचं नाही. पण मी कशी माती खाल्ली ते ऐकाच.

वालीवला आमचा रबरी वॉशरचा छोटा कारखाना. ऑफिसात माणसं दोनच, मी आणि लविना. त्या दिवशी सातिवलीच्या एका गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग मेलवर यायचं होतं. ते आल्याशिवाय मशीन सुरू होणार नव्हतं. आणि कॉम्प्युटर म्हणतोय, इनबॉक्स भरला!

मशीनवरचा जनू दर दहा मिनिटांनी दारात हजर. "भाऊ, आला का तो कागद? शेट मला इचारतात, मी कोनाला इचारू?"

"येतोय रे बाबा!" मी तीनशे जुने मेल उडवले. तरी फुलच!

लविना म्हणाली, "काका, उडवलेले मेल कचऱ्याच्या फोल्डरमध्ये पडून असतात. तो पण रिकामा करा ना."

केला. थोडी जागा झाली. आता इथं थांबायला काय झालं होतं मला? पण नाही! मला वाटलं, ही जागा भलत्याच कुणी अडवली तर? म्हणून लेटरहेडवर पत्र टाइप केलं, सही-शिक्का मारला, स्कॅन केलं आणि यादीतल्या झाडून सगळ्यांना धाडलं. "आमचा इनबॉक्स भरल्यामुळे कृपया आज मेल पाठवू नये. पोच द्यावी."

काय करणार? पस्तीस वर्षांची सवय! पोच मागितल्याशिवाय माझ्या हातून पत्र सुटतच नाही.

आणि आमची गिऱ्हाइकं इतकी सज्जन, की एकानेही पोच चुकवली नाही! "पोचलं." "मिळालं, धन्यवाद." खाली प्रत्येकाचा रंगीत लोगो. चार-पाच जणांनी तर माझ्याच पत्रावर 'मिळाले'चा शिक्का मारून, स्कॅन करून परत पाठवलं. इनबॉक्स पुन्हा गच्च!

"काका, सगळ्यांना पाठवलंत?" लविनाने हळूच विचारलं. "सातिवलीवाल्यांना पण?"

यादीत पहिलं नाव त्यांचंच होतं. खरं सांगतो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक माझी आणि तिकडे बोलणी खातोय बिचारा जनू.

तेवढ्यात खाली स्कूटर थांबली. सातिवलीचे साहेब स्वतः वर आले, हातात पेनड्राइव्ह. मागोमाग आमचे शेट.

"हे घ्या ड्रॉइंग," साहेब म्हणाले. "माणसाबरोबर पाठवणार होतो. पण मेल पाठवू नका म्हणून मेल पाठवतो आणि वर त्याचं उत्तर मागतो, तो माणूस आहे तरी कोण, तेवढं बघायला आलो."

मी मान खाली घालून म्हटलं, "ते आज आले नाहीत."

शेट शांतपणे म्हणाले, "उद्याही नाही आले तरी चालेल म्हणावं त्यांना."