शिंपला नसलेलं पोतं

मुंबईच्या आयातदारानं माझं पोतं बदललं आणि चोर मी माझ्या भाडेकरूला म्हणालो.

औरंगपुऱ्यात येत असाल तर त्याला तुम्हीही पाहिलं असेल. उंच, इस्त्रीचा शर्ट, वरच्या खिशात चिमूटभर लवंगा. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या कोमोरोस बेटांवरचा. इथल्या विद्यापीठात पीएचडी करायचा आणि माझ्या मसाल्याच्या दुकानावरच्या खोलीत राहायचा. भाड्याची घासाघीस दोन तास चालली. तो जिंकला.

खाली आला की गल्ल्यावरच्या पाण्याच्या ग्लासात माझी लवंग टाकायचा. चांगली लवंग पाण्यात उभी राहते, तेल काढून घेतलेली आडवी तरंगते. माझी आडवी झाली.

"अरे, गिऱ्हाईक बघतंय!"

"पानी से पूछो, चचा."

मी एकदा जावयाची तक्रार केली, तेव्हाही हेच म्हणाला.

त्याच्या अब्बांची लवंगेची झाडं होती. ओळख म्हणून ते प्रत्येक पोत्यात एक शिंपला टाकत. लवंग जहाजात चढली की व्यापाऱ्याची होते आणि बेटाचं नाव बंदरातच राहतं, असं त्याचं म्हणणं. पीएचडी त्यावरच होती.

मी म्हणालो, "एक पोतं मागव. कोमोरोसची लवंग, अशी पाटीच लावतो."

नाव लागणार म्हणून अब्बांनी कळी न् कळी निवडली. एकटं पोतं आणणं परवडत नाही, म्हणून ते आयातदाराच्या मालात घातलं.

पोतं आलं. मूठभर लवंगा ग्लासात टाकल्या. सगळ्या आडव्या.

चार गिऱ्हाइकांसमोर मी म्हणालो, "लई भारी माल धाडला रे तुझ्या बापानं. बापलेक दोघंही चोर!"

त्यानं खाली बसून सगळं पोतं हातानं चाळलं. मग हात धुतले.

"शिंपला नहीं है. ये अब्बा का माल नहीं, चचा."

"व्हय, आता शिंपल्याची साक्ष काढ!"

त्याच आठवड्यात त्यानं खोली सोडली. ग्लास धुऊन उपडा ठेवला होता.

दोन महिन्यांनी गुलमंडीतला एक दुकानदार हसत म्हणाला, "सिंगापूरची लवंग घेतली, आत शिंपला निघाला राव." आयातदार तोच. मी त्यातली एक लवंग पाण्यात टाकली. उभी राहिली. शिंपल्याचे त्यानं मागितले तेवढे पैसे दिले, घासाघीस केली नाही.

पाटी अजून लावलेली आहे, खाली माल नाही. पोराचा फोन लागत नाही. आयातदार म्हणतो, "पोती सगळी सारखीच दिसतात, शेठ."

मला भरपाई नको. अब्बांचा नंबर माझ्याकडे आहे. आयातदारानं माझ्या गल्ल्यावर यावं, हा शिंपला हातात धरावा आणि चोर कोण होतं ते त्या म्हाताऱ्याला सांगावं. चोर कोण म्हणालं, ते मी सांगतो.