बाळूभाऊंचं तेजाब

बाळूभाऊ खुर्चीत टेकायच्या आधीच विचारत, "माह्याजोळ तेजाब किती उरलं बे?" माझ्या उत्तरावर त्यांचा त्या रविवारचा नूर ठरायचा.

बुलढाण्याच्या एका सरकारी कचेरीत आमची टेबलं शेजारी होती. ते निवृत्त झाले आणि मीच त्यांना आमच्या रविवारच्या खेळात ओढलं. खेळ असा: एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतला एकेक माणूस होतात, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवतात. गोष्ट मी सांगायचो. औषधाच्या दुकानातला प्रशांत तलवारबाज झाला होता. भाऊंनाही तलवार देऊ केली तर म्हणाले, "तलवारीले दंडात जोर लागते. मले डोकं वापराचं हाये." आणि ते किमयागार झाले, काचेच्या कुप्यांत तेजाब घेऊन हिंडणारे.

त्या तेजाबाचं त्यांनी काय केलं नाही! गंजलेल्या कुलपात थेंब सोडून तुरुंग उघडला. पितळेची मूर्ती सोन्याची म्हणून विकणाऱ्या व्यापाऱ्याला भर बाजारात उघडं पाडलं. राक्षस अंगावर आला तर कुपी त्याच्यावर न फेकता तो उभा होता त्या पुलाच्या साखळ्यांवर ओतली. प्रशांत घाईत काहीबाही बोलून "नाही नाही, तसं नको" म्हणाला की भाऊ गुरकावत, "तोंडातून निघालं का झालं. मांगं घेता येत असन त मंग खेळ काह्याचा?" हा कायदा त्यांचाच, पण पाळायचो आम्ही सगळे.

मग साबिहा आली. प्रशांतची शेजारीण, बँकेत नोकरीला. खेळात तिनं धनुष्य घेतलं. त्या दिवसांत गोष्टीतल्या एका खानावळवालीला भुयाराची वाट ठाऊक होती, आणि ती सांगेना. भाऊंचे फासे सकाळपासून उलटे पडत होते. वैतागून म्हणाले, "टाकतो तेजाब तिच्या तोंडावर." फासा टाकला, तो नेमका वरचढ पडला. प्रशांतनं टाळी दिली. मी तर चवीचवीनं वर्णन करायला लागलो. काय काय बोललो ते इथं लिहवत नाही.

"त्या बाईचं नाव काय हाये?" साबिहानं विचारलं.

मी तिला नावच दिलं नव्हतं. वाट सांगण्यापुरती बाई, तिला नाव कशाला! माझे कान तापले. प्रशांत म्हणाला, "जाऊ द्या भाऊ, फासा परत टाका."

"मी बोललो ना," भाऊ म्हणाले. "झालं ते."

वाटलं, आता हे काही परत यायचे नाहीत. पण पुढच्या रविवारी आले. तेजाबाचं विचारलं नाही. म्हणाले, "तुमी जा खजिन्याकडे. माहा माणूस खानावळीतच राहीन. तिले विचारा, काही काम हाये काय." ती बाई मी साबिहाच्या हवाली केली, आता तिच्या तोंडून साबिहानंच बोलायचं. साबिहानं तिचं नाव जमना ठेवलं. मग दर रविवारी आमच्या लढाया थांबवून भाऊंची पाळी यायची. ते पाणी भरायचे, भांडी घासायचे आणि शेवटी विचारायचे, "जमनाबाई, माफ करता काय?" जमना बोलायचीच नाही. एवढा वेळ साबिहा समोर बसलेली, चहाच्या वेळी भाऊ तिच्याशी मुलीसारखं बोलत; पण खेळात ती जराही ढिली पडत नव्हती. बऱ्याच रविवारांनंतर जमना एवढंच म्हणाली, "चूल पेटवाची हाये, सरका." भाऊ त्यावरच खूश! साठी उलटलेला माणूस नसलेल्या बाईच्या एका वाक्यावर एवढा हरखला, याचं मला हसू आलं. मग हसल्याचीच लाज वाटली.

हिवाळ्यात त्यांच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा घरी आणलं. आम्ही मोसंबी घेऊन गेलो. खोलीत सून, जावई, गावाकडची चार माणसं. साबिहा वाकून म्हणाली, "भाऊ, जमनानं माफ केलं तुमाले."

भाऊंचे डोळे क्षणभर उजळले. मग त्यांनी मान हलवली. "असं नाही पोरी. खाटीवरच्या माणसाले कोनीही माफ करते. खेळात सांग. फासे काढा, मी विचारतो, तू तिच्यासारखी बोल. नाही म्हनली तरी चालीन मले."

फासे माझ्या खिशात होते.

"काह्याचे फासे, बाबा?" सुनेनं विचारलं. जावई माझ्याकडे बघायला लागले. मी डोक्याचे केस पिकलेला सरकारी माणूस. म्हणालो, "काही नाही हो, ऑफिसातली जुनी गंमत."

भाऊंनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग सुनेला म्हणाले, "हाव, ऑफिसातलीच," आणि डोळे मिटून घेतले.

रविवारच्या आत ते गेले. त्या दिवशी मी फासे काढले असते तर जमना काय म्हणाली असती, हे साबिहानं मला सांगितलेलं नाही. विचारायला मला तोंड नाही.