लाखेने बंद केलेली बाटली

अर्जदार : मी, कचेरीसमोर अर्ज लिहिणारा, शिक्षण सातवी. जाब देणार : तोही मीच. ठिकाण : अणदूरजवळची द्राक्षबाग. काळ : मोठा दुष्काळ सरल्यानंतरचे तिसरे वर्ष. साक्षीदार : बागेचे मालक अण्णा, माझ्याहून वयाने वडील.

अण्णांनी तरुणपणी हैदराबादेकडे पांढऱ्या द्राक्षांची वाईन करताना पाहिली होती. आमच्या मुरमाड पट्ट्यातही ती व्हावी, बागायतदारांची सहकारी संस्था निघावी, असे त्यांच्या मनाने घेतले होते. साले राहिली की तुरटपणा येतो, म्हणून घड पिळताच ते रस गाळून रांजणात ठेवीत. थॉम्पसन जातीच्या द्राक्षांची वाईन फिकी उतरे. जुन्या भोकरी जातीची मात्र किंचित आंबट, वाळल्या गवताच्या रंगाची.

वाईन काढण्याच्या परवान्याचा अर्ज मी लिहिला, त्यावर बागायतदारांच्या सह्या घेतल्या. सोबत नमुना जोडावा, ही सूचनाही माझीच.

अण्णा म्हणाले, "साहेब, अजून उकळ्या मारतंय ते. तोंडाला फडकं बांधा, लाख नका लावू, आत वारं कोंडंल."

"अण्णा, फडकं बांधलेला नमुना कुठलीच कचेरी घेत न्हाय."

"मग कचेरीलाच फडक्यातून गाळून घ्या की," असे म्हणून ते हसले. तरी बाटली त्यांनी माझ्या हाती दिली. कायदा मला कळतो, अशी त्यांची समजूत होती.

मी घट्ट बूच मारले, वर लाख ओतली, मोहोर उमटवली. तिसऱ्या दिवशी बाटली कचेरीच्या कपाटात फुटली. भिजलेल्या कागदांसह आमचा अर्ज परत आला, आणि सह्या देणारे बागायतदार एकेक करून मागे सरले. परवान्याच्या आशेवर अण्णांनी घागरींनी पाणी घालून वेल जगवले होते. पुढच्या उन्हाळ्यात विहीर आटली. त्यांनी बाग तोडली आणि ते लेकीकडे हैदराबादला गेले.

काच पातळ होती, असे मी सर्वांना सांगितले. अण्णांनी ते ऐकून घेतले. जाताना मला भोकरीची एक बाटली दिली. तिच्या तोंडाला फडके बांधलेले होते. ती चव पुन्हा कुठे मिळाली नाही. एस.टी.ने नळदुर्गला जाताना मी आजही बागेचा तो उतार शोधतो. तिथे आता ज्वारी उभी असते. त्या थट्टेच्या सुरात मला 'साहेब' म्हणणारेही कोणी उरले नाही.

तरी अण्णांस विनंती की, बाटली काचेने नव्हे, माझ्या लाखेने फुटली, हा कबुलीजबाब दाखल करून घ्यावा व दोन ओळींचे उत्तर द्यावे. साधे कार्ड चालेल. बंद पाकिटाचा माझा आग्रह आता राहिलेला नाही.