बाबा चालवतात तेव्हाच अडखळणारी गाडी

एखाद्याला ‘तुझा हात मंद झालाय’ असं सांगण्याआधी तुम्ही त्याच्या शेजारी शेवटचं कधी बसला होतात? सल्ला द्यायला नव्हे. नुसतं बघायला.

माझे बाबा एसटी चालवायचे. नारायणगावहून निघणारी, मंचरला थोडी टेकणारी आणि महाळुंगे पडवळला मुक्कामाला जाणारी गाडी. शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी झाली की सीटांवर राहिलेली पत्रकं ते गोळा करायचे आणि माझ्यासाठी घरी आणायचे. कामगारांच्या सभेची, दारूबंदीची, भोंदूंपासून सावध करणारी, विहारातल्या व्याख्यानाची. बोटांना शाई लागणाऱ्या त्या पातळ कागदांवर मी वाचायला शिकले. आई म्हणते, म्हणूनच माझा आवाज कायम एक पट्टी वर लागतो.

मागच्या वर्षी बाबांची डावी बाजू लुळी पडली आणि मग हळूहळू परत आली. डॉक्टर म्हणाले, हात चालता ठेवा, पण गाडी आता नको. बाबांनी मान डोलावली. त्यानंतर ते ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत राहायचे. लांबून एसटी वळणावर आली की त्यांचा डावा पाय, क्लचचा पाय, फरशीवर अलगद दाबला जायचा. त्यांना ते कळत नसे. मला दिसत असे.

मी घरून लग्नांचे व्हिडिओ जुळवायचं काम करते. त्यासाठी घेतलेला कॉम्प्युटर चांगला दणकट आहे. एका दुपारी मी त्यावर बस चालवायचा गेम टाकला आणि टेबलाला गेमचं स्टिअरिंग बसवलं. बाबांनी खिशातून रुमाल काढून आधी ते स्टिअरिंग पुसलं, डेपोत रोज पुसायचे तसं. मग निघाले. कुठल्यातरी परक्या देशातला घाट होता, दोन्ही बाजूंना बर्फ, झाडं पांढरी, आकाश दुधासारखं. बाबा प्रत्येक वळणाआधी हॉर्न देऊन वेग कमी करत.

“मेंढरं असत्यात वळणामागं,” ते म्हणाले.

त्या देशात मेंढरं नव्हती. तरी बाबा थांबून त्यांना जाऊ द्यायचे. मी मागे बसून बघायचे, आणि भर दुपारी आमच्या पत्र्याखाली थंडी पडल्यासारखी वाटायची. खिडकीबाहेर द्राक्षांचे मांडव, त्यांच्या पलीकडे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या तबकड्या, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून स्तब्ध. आत बाबा बर्फातून एकटेच निघालेले. दोन्हीकडे सारखीच शांतता.

कांदे काढणीला आले तशी घरात धूळ येऊ लागली. बाबांनी लोखंडी कपाटाचा खालचा खण रिकामा केला, वायरींपुरतं भोक पाडलं आणि कॉम्प्युटरची पेटी आत ठेवली. त्यानंतर त्यांची गाडी अडखळायला लागली. स्टिअरिंग वळवलं की चित्र जागच्या जागी थिजायचं आणि मग एकदम उडी मारायचं. तोवर बस दरीत.

मी बसून चालवली तर लोण्यासारखी चालली.

गेममधल्या सावल्या कमी केल्या. चित्राची बारकाई कमी केली. मागे चालू असलेले सगळे प्रोग्रॅम बंद केले. गेम भलत्याच चिपवर तर चालत नाही ना ते पाहिलं, स्टॅबिलायझरवरचं व्होल्टेज पाहिलं. इंटरनेटवर विचारलं तर एकाने नवीन ग्राफिक्स कार्ड घ्या म्हणून सांगितलं आणि दुसऱ्याने विचारलं, चालवणाऱ्याचं वय काय? मी त्याला लांबलचक उत्तर लिहिलं. ते छापलं असतं तर दोन्ही बाजूंचं पत्रक झालं असतं.

एकदा मी स्वतःशीच बोलले की ड्रायव्हर जुना झालाय, बदलावा लागेल. मला कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर म्हणायचं होतं, त्यालाही ड्रायव्हरच म्हणतात. मागे खाटेवर बाबा होते. “मंग बदल की,” ते हळूच म्हणाले. मी समजावून सांगितलं, ते हसले, पण त्या दिवशी त्यांनी डावा हात टॉवेलखाली ठेवला.

निरगुडसरची आत्या आली होती. तिने बाबांची गाडी दरीत जाताना पाहिली आणि म्हणाली, “राहू दे दादा, लई वर्सं चालवलीस.” ती प्रेमानेच म्हणाली. बाबा उठले, रुमाल घडी करून खिशात ठेवला.

“मशीन बरं हाय,” ते मला म्हणाले. “तू बसली की पळतं. माझाच हात उशिरा पोचतोय. परत सुरू झालंय वाटतं.”

पुरावा त्यांच्या बाजूने होता, आणि तो मीच रोज त्यांच्यासमोर खुर्चीत बसून तयार करत होते. त्या आजाराची भीती त्यांच्या डोळ्यांत मी दवाखान्यातही पाहिली नव्हती इतकी त्या दिवशी पाहिली.

मी म्हणाले, उद्या एकदाच चालवा. मी काही करणार नाही. नुसती खाली बसेन.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जमिनीवर बसले. बाबा आले. त्यांनी आधी माझी व्हिडिओची हार्डडिस्क सोडवली, तिची वायर नीट गुंडाळून बाजूला ठेवली. मग कपाटाचं दार लावलं आणि मूठ खाली दाबली, घट्ट, बसचं दार लावल्यासारखी. मग खुर्चीत बसले.

माझ्या कामात ती डिस्क पेटीला पुढून कायम लावलेली असते, तिची वायर दाराच्या आड येते, म्हणून मी बसते तेव्हा दार नेहमी उघडंच असतं.

मी खालीच बसून राहिले. बर्फ सुरू झाला. पहिला घाट नीट गेला. स्क्रीनच्या कोपऱ्यात मी कार्डाच्या तापमानाचा आकडा लावला होता, तो चढत होता. पूल आला, गाव आलं, आणि मग चित्र थिजलं. मी कपाटाला हात लावला.

“बाबा, इथं हात लावा.”

त्यांनी डावा हात लावला आणि पटकन काढला. “बॉनेट हाय का काय हे,” ते म्हणाले. “गाडी तापलीय.”

यंत्र फार तापलं की जळू नये म्हणून आपणच हळू होतं, हे मी सांगेपर्यंत त्यांनी दार उघडलंही होतं. गरम हवेचा लोट बाहेर आला. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा स्टिअरिंग धरलं. बस पळाली. त्यांचा हात वेळेवर पोचत होता. तो पहिल्यापासूनच वेळेवर पोचत होता.

दार का लावत होतात, मी विचारलं. त्यांनी खिडकीबाहेरच्या तबकड्यांकडे बोट केलं.

“एका पॅशिंजरनं सांगितलं व्हतं. त्या तबकड्या लई लांबचं ऐकत्यात. चांदण्यांचं. आपली मशिनं मधी बडबडत्यात. म्हणून लोखंडात ठेवलं, बडबड आतच ऱ्हाती. म्या तर खोडदच्या फेरीला असलो की तिथनं जाताना हॉर्न बी वाजवत नव्हतो.”

“मला का नाही सांगितलं?”

“तू पत्रक वाचून दाखवलं असतंस.”

त्या तबकड्या रेडिओ लहरी टिपतात, हॉर्नचा आवाज ऐकत नाहीत, हे मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. इतकी वर्षं एक माणूस चांदण्यांना त्रास नको म्हणून त्या रस्त्याने गुपचूप गाडी नेत होता, त्यात दुरुस्त करण्यासारखं मला काही दिसेना. बाबांनीच मग कपाटाचा पत्रा कापून दाराला आणि मागे बारीक तारेची जाळी लावून घेतली. “कांद्याची चाळ झाली,” म्हणाले. कांदे साठवायच्या चाळीसारखी आता दार लावूनही हवा खेळते, आणि लोखंड लोखंडाच्या जागी आहे.

मी लहानपणापासून वाचत आले की माणसांना आधी कोंडतात आणि मग त्यांची लायकी काढतात. ते वाचून माझ्या मुठी वळायच्या, अजूनही वळतात. पण माझ्याच घरात, उघड्या दारासमोर बसून, मी रोज सिद्ध करत होते की गाडी छान चालते.

बाबा रोज दुपारी बर्फात जातात. वळणाआधी हॉर्न देतात, थांबतात, मेंढरं जाऊ देतात.

तुमच्या घरातही कुणीतरी ‘मला आता जमत नाही’ म्हणून काहीतरी सोडलेलं असेल. आज त्यांना ते पुन्हा करायला सांगा. अगदी सुरुवातीपासून, त्यांच्या पद्धतीने. तुम्ही शेजारी जमिनीवर बसा. आणि त्यांचं होईपर्यंत मधे हात घालू नका.