दोन फ्लॉप्यांची खंडेनवमी

हसणार नसाल तर सांगतो. नाही, हसालच तुम्ही! तरी ऐका, माझं हातातलं सिंगापूर कसं गेलं ते.

कॉम्प्युटर बघायला चपला बाहेर काढून ठेवायच्या, ते दिवस. मुंबईतली आमची कंपनी श्रीमंतांचे शेअर, ठेवी, इस्टेटी सांभाळणारे प्रोग्राम लिहायची. सिंगापुरात तिचं नवं ऑफिस निघणार होतं. ते उभं करायला साहेबांनी निवडलं कुणाला? मला!

निघण्याआधी दसऱ्याला रत्नागिरीला घरी आलो. साहेबांनी प्रोग्रामच्या दोन फ्लॉप्या दिल्या होत्या, तेवढ्याच प्रती होत्या. एक तुझ्याजवळ, दुसरी ऑफिसच्या कपाटात, असं चारचारदा बजावून. पण मी पडलो हुशार! कपाटाचा काय भरवसा? दोन्ही बरोबर घेतल्या आणि एसटीत मांडीवर ठेवून आलो.

खंडेनवमीला अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाटावर कोयती, पावडा, विळी मांडली.

"तुझं हत्यार कुठाय रे?"

"अण्णा, त्याला धूळसुद्धा चालत नाही!"

"मेल्या, ज्याच्या जिवावर विमानात बसणार, त्याला एक फूल नको?"

दोन्ही फ्लॉप्या पाकिटांसकट पाटावर ठेवल्या आणि आंघोळीला गेलो. येऊन बघतो तर पाकिटांवर हळद, कुंकू, अक्षता आणि वर झेंडू! माझं डोकंच फिरलं. फ्लॉप्या बाहेर ओढल्या, तर दोन्हींवर लाल ठिपका!

"आई, कुंकू आत गेलं!"

"मी पाकिटालाच लावलंय हो."

"मग हे काय आहे?"

ओल्या फडक्यानं पुसलं. लाल पसरलं! जोरात पुसलं, आणखी पसरलं. तडक विहिरीवर गेलो, साबण लावला आणि वर बादलीभर पाणी ओतलं.

अण्णा मागून ओरडले, "अगो, बघ! ह्याने धुतल्यान!"

"तुम्हाला यातलं कळत नाही, अण्णा. मध्ये बोलू नका!"

काय माझी ऐट! वर दोन्ही गडग्यावर, म्हणजे अंगणाच्या दगडी कुंपणावर, उन्हात वाळत घातल्या. तासाभरानं बघतो तर पापडासारख्या वाकड्या झालेल्या. आणि तेव्हा, अगदी तेव्हाच, मला आठवलं. साहेबांनी माझ्यासमोरच लाल शाईच्या पेनानं दोन्ही लेबलांवर खूण केली होती!

पोस्टात जाऊन ट्रंककॉल लावला. तीन तास बाकावर बसलो तेव्हा कुठे लागला.

"साहेब, फ्लॉपी बिघडली."

"असू दे, कपाटातली आहे ना?"

"तीही माझ्याकडेच आहे. तीही बिघडली."

"कशानं?"

"धुतली."



"धुतली म्हणजे? पाण्यानं?"

"साबणानंही."

साहेबांनी फोन ठेवला. महिनाभर खपून ऑफिसनं सगळा प्रोग्राम पुन्हा लिहिला आणि तो घेऊन सिंगापूरला गेला माझ्या शेजारच्या टेबलावरचा पेडणेकर. रडू यायचं बाकी होतं मला.

पुढे पेडणेकरचं पत्र आलं. तिथल्या ऑफिसच्या भिंतीवर साहेबांनी नियमांची पाटी लावून घेतली होती. नियम पहिला : फ्लॉपी धुवू नये.

खाली पेडणेकरनं लिहिलं होतं, "इथले लोक रोज विचारतात, असं करणारा माणूस खरंच आहे का? काळजी करू नकोस. मी त्यांना तुझा फोटो दाखवलाय."