काळ्या चौकटीतलं नाव

पुंडलिकनगरात आमचं पत्रिका छापायचं दुकान आहे. हे गेल्यावर लग्नाच्या पत्रिका मीच जुळवत आले. मला इंग्रजी येत नाही, पण यांच्या जुन्या प्रोग्रामातली बटणं जागेवरून पाठ आहेत.

शोकपत्रिकेला मात्र मी हात लावत नव्हते. ते काम यांचंच. नमुन्यात मयताच्या नावाची जागा रिकामी ठेवायची नाही, हा यांचा नेम. तिथं स्वतःचं नाव घालून ठेवायचे. "मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं," म्हणून हसायचे.

यंदा कॉम्प्युटर सारखा अडायला लागला. कॉलेजात शिकवणारी यांची भाची आली आणि तिनं विंडोज काढून त्यात फुकट मिळणारं लिनक्स घातलं.

"जुना प्रोग्राम चालंल का गं? नाय तर दुकानाला कुलूपच."

"चालंल मामी. नव्या घरात तुझी जुनी खोली जशीच्या तशी बसवते."

तेवढ्यात मागच्या गल्लीतल्या बाई आल्या. त्यांचे सासरे गेले होते, दहाव्याची पत्रिका आजच पाहिजे होती. दारातून परत पाठवायला माझी जीभ उचलेना.

भाचीनं नमुना उघडला. काळी चौकट आली, फोटोची रिकामी जागा आली. नावाच्या जागी नुसती उलटीसुलटी इंग्रजी अक्षरं.

"जुना फॉन्ट घालायचा राहिला," ती म्हणाली. तिनं तो घातला. मी यांच्या नावाची वाट बघत होते. अक्षरं हलली आणि एकदम मराठी झाली.

नाव माझं होतं. आधी 'कै. सौ.' लावलेलं.

भाचीनं माउसवरचा हात काढून घेतला. बाईंनी पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "अगं बया! जित्ती बाई समोर बसलीय की!"

दोन वर्षांमागं काविळीनं मी दवाखान्यात पडले होते. डॉक्टर नीट बोलत नव्हते. हे डबा घेऊन आले आणि म्हणाले, "तू काय मरत नाय. मी बंदोबस्त केलाय." मला वाटलं, धीर देतायत. मी घरी आले. पुढच्या वर्षी चहा पिता पिता हे गेले. त्या चौकटीत जागा एकाच नावाची होती.

"काढून टाकू का मामी? लई भ्या वाटतंय."

"नको. सरक जरा."

माझ्या नावावर मी बाईंच्या सासऱ्यांचं नाव जुळवलं. बोटं चुकली नाहीत. पत्रिका छापून निघाल्या. बंद करताना प्रोग्रामानं नेहमीचा प्रश्न विचारला, तीच करडी चौकट, त्याच जागी. बदल ठेवायचा नसला की मधलं बटण. मी मधलं दाबलं.

बाई गेल्यावर पुन्हा उघडून पाहिलं. काळ्या चौकटीत मी होते. 'सौ.' सुद्धा तसंच होतं.